आज भीमबेटका पाहिलं

भोपाळपासून साधारण ४५ किलोमीटरवर, विंध्याच्या कुशीत, खडकांवरच्या प्राचीन चित्रांची ही जागा. फोटो खूप पाहिले होते, पण समोर उभं राहिल्यावर वेगळंच वाटतं.

एका खडकावर नुसते प्राणीच प्राणी. पांढऱ्या आणि लाल रंगात हत्ती, हरणं, गवे आणि मधूनच घोडेस्वारांची रांग. लेकीने विचारलं, "बाबा, आधी कोणतं काढलं ते कसं कळतं?" गाइडदादांनी तिला जवळ बोलावून एक जागा दाखवली. तिथे एका प्राण्याच्या अंगावरून दुसऱ्या चित्राची रेघ गेली होती. खालचं जुनं, वरचं नंतरचं. सहावीच्या पुस्तकातला 'पुराव्याचा अभ्यास' तिला तिथे दोन मिनिटांत कळला.

माणूस इथेच का राहिला, याचं उत्तर भूगोलात आहे. ऊनपावसाने झिजून तयार झालेले आडोसे, आजूबाजूला दाट जंगल, शिकार, पाणी आणि हत्यारांसाठी कठीण दगड. चित्रांच्याही कितीतरी आधीची, लाखो वर्षांपूर्वीची दगडी हत्यारं इथल्या उत्खननात मिळाली आहेत.

आणि हे जगासमोर आणलं आपल्या पुरातत्त्वज्ञ वि. श्री. वाकणकरांनी! १९५७ मध्ये रेल्वेतून जाताना त्यांना हे खडक दिसले आणि ते शोध घेत इथवर आले. २००३ मध्ये युनेस्कोने याला जागतिक वारसा ठरवलं. वाकणकरांबद्दल मराठी मुलांना शाळेत आवर्जून सांगायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

जाणार असाल तर मुलांना नक्की न्या. आणि कृपा करून चित्रांना हात लावू देऊ नका.