काळा रंग लवकर वाळत नाही

बावीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या पोरांना घडा आणि त्याची सावली इतक्या वेळा काढून दाखवली की डोळे मिटूनही घड्याचा काठ नीट यायचा. मग एका पहाटे उजवा हात उचललाच जाईना. मेंदूत गुठळी झाली होती. चालणं सुधारलं, बोलणंही सुधारलं, बोटं मात्र परकीच राहिली. पेन्सिल धरली की रेघ कागदाबाहेर पळायची. कोल्हापुरात हे जास्तच लागतं. आबालाल रहिमानांनी रंकाळा रंगवला त्या गावात चित्रकार म्हणजे रेघेवर हात बसलेला माणूस.

अमूर्त चित्रं काढणारे वासुदेव गायतोंडे आठवले ते तेव्हा. १९८४च्या अपघातानंतर त्यांचे मोठे कॅनव्हास थांबले, पुढे कागदावरची छोटी रेखाटनं राहिली. त्याआधी ते रोलर आणि सुरीने रंग द्यायचे, पुसायचे, खरवडायचे. रोलर तर डाव्या हातानेही फिरतो! हार्डवेअरच्या दुकानातून चार इंची आणला.

आधी ॲक्रिलिक घेतले. अर्ध्या तासात वाळले. संध्याकाळी सातला चित्र संपलं आणि अख्खी रात्र तशीच समोर उरली. शिवाय आशा दाखवायची म्हणून कोपऱ्यात पिवळा गोळा दिला होता. एखाद्या बँकेचं कॅलेंडर वाटत होतं. तो बुजवला.

मग तैलरंग काढले. तळाला टर्पेंटाइनने पातळ केलेला अंबर, म्हणजे मातकट तपकिरी. त्यात मँगनीज असतं, म्हणून तो लवकर वाळतो. त्यावर जवसाच्या तेलातला आयव्हरी ब्लॅक. हा मात्र हट्टी. आठवडा सहज घेतो आणि आषाढातल्या कोल्हापुरात त्याहूनही जास्त. खालचा थर कच्चा असताना वरचा दिला तर पुढे तडे जातात, हे ए.टी.डी.ला, म्हणजे चित्रकला शिक्षकाच्या पदविकेला, पाठ केलं होतं. पाळलं कधीच नव्हतं, कारण थांबायला सवड कुणाला होती?

आता सवडच सवड होती. सकाळी उठलो की चहाच्या आधी बोटाच्या पेराने कॅनव्हास चाचपायचा. चिकट असेल तर आज काही नाही, उद्या बघू. त्याआधीचे दोन महिने मला उद्या नकोच असायचा, हे घरात कुणाला सांगितलं नव्हतं. बायको रोज "हात कसा आहे?" विचारायची, तिने हळूहळू "अहो, वाळलं का?" विचारायला सुरुवात केली. हा प्रश्न मला झेपायचा.

एका रात्री चिडून सुरीने मधला काळा ओरबाडला. उजव्या हाताने. पकड नव्हती, म्हणून सुरी घसरत गेली आणि खालचा अंबर वाकड्यातिकड्या पट्ट्यांनी वर आला. धडधाकट हाताला तसं जमलं नसतं. त्याने सरळच खरवडलं असतं. ते तसंच ठेवलं.

शेजारचे काका बघून गेले. "सर, ह्यात हाय काय?"

"पावसाळा," मी म्हटलं.

"व्हय, गळती दिसतीया की," म्हणाले आणि समाधानाने गेले. इतकी सरळ दाद मला घड्यांच्या चित्रांना कधी मिळाली नव्हती.

गणपती येऊन गेले. दुसऱ्या कॅनव्हासला अस्तर दिलंय. पहिल्याचा खालचा डावा कोपरा मी जरा जाडच दिला होता. आज सकाळी पेर टेकवलं, अजून चिकटच आहे.