घर बंद ठेवताय? आधी पॉलिसी वाचा

आईबाबांचं घर सध्या रिकामं आहे, आणि मी आपला निवांत होतो की घराच्या विम्याचा प्रीमियम भरतोय ना मग काळजी कसली, पण परवा पॉलिसी नीट वाचली आणि पोटात गोळाच आला. बऱ्याच पॉलिसींमध्ये घर सलग ३० किंवा ६० दिवस बंद राहिलं की चोरी, तोडफोड, पाणीगळती यांचं कव्हर कमी होतं नाहीतर थांबतंच. कारणही पटण्यासारखं आहे, राहत्या घरात पाइप फुटला तर लगेच कळतं, बंद घरात भिंती कुजेपर्यंत कोणाला पत्ता नसतो. म्हणून कंपनीला आधीच लेखी कळवा, प्रीमियम थोडा वाढला तरी वाढू दे. पाण्याचा मेन व्हॉल्व्ह बंद करा आणि कोणी चक्कर मारून येत असेल तर तारखेसकट फोटो जपून ठेवा, क्लेमच्या वेळी कामाला येतात. मी आजच मेल टाकलाय.