तुम्ही विचारलंत म्हणून: सूर्य मावळल्यावर न्यूट्रिनो कुठून येतात?

परभणीत मी अनेक वर्षे भौतिकशास्त्र शिकवले. सूर्यातून येणाऱ्या न्यूट्रिनो या अतिसूक्ष्म कणांचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येई: "सर, सूर्य मावळल्यावर हे कण कुठून येतात?" तुम्हीही तेच विचारलेत. उत्तर एका शब्दाचे आहे: खालून.

सूर्याच्या गाभ्यात हायड्रोजनची चार केंद्रके एकत्र येऊन हेलियमचे एक केंद्रक तयार होते, तेव्हा दोन न्यूट्रिनो बाहेर पडतात. प्रकाशाला तिथून पृष्ठभागापर्यंत धक्के खात यायला हजारो वर्षे लागतात. न्यूट्रिनो मात्र सव्वादोन सेकंदांत सूर्याबाहेर पडतात आणि सुमारे सव्वाआठ मिनिटांत पृथ्वीवर पोहोचतात. अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेतून सेकंदाला सुमारे साडेसहा हजार कोटी! मे महिन्यात घरात झोपवत नाही म्हणून आपण गच्चीवर अंथरूण टाकतो, तेव्हा मध्यरात्री सूर्य तिरपा आपल्या पाठीखाली असतो, आणि त्याचे न्यूट्रिनो साधारण दहा हजार किलोमीटर खडक ओलांडून, स्लॅब आणि सतरंजीतून आरपार, आपल्या अंगातून आभाळात निघून जातात. त्यांना विद्युतभार नसतो आणि केंद्रकाला बांधून ठेवणारे बलही लागू होत नाही, त्यामुळे त्यांची अणूंशी गाठ जवळजवळ पडतच नाही.

हे केवळ गणित नाही. जपानमधील कामिओका येथील खाणीत, एक किलोमीटर खोलीवर, सुपर-कामिओकांडे या न्यूट्रिनो वेधशाळेची ५०,००० टन शुद्ध पाण्याची टाकी आहे. एखाद्या न्यूट्रिनोने धक्का दिलेला इलेक्ट्रॉन साधारण त्याच दिशेने धावतो आणि निळसर प्रकाश सोडतो, त्यामुळे कण कुठून आला हे कळते आणि रात्रीही पृथ्वीच्या आरपार सूर्य 'दिसतो'. (हिंगोलीत औंढा नागनाथजवळची नियोजित वेधशाळा गुरुत्वीय लहरींसाठी आहे, न्यूट्रिनोंसाठी नव्हे, हेही मला दर वेळी सांगावे लागते.)

मला खरी गंमत पुढे वाटते. रेमंड डेव्हिस या शास्त्रज्ञांना अमेरिकेतील सोन्याच्या खाणीत अपेक्षेच्या जेमतेम एक तृतीयांश न्यूट्रिनो सापडले होते. न्यूट्रिनोंचे तीन प्रकार असतात आणि डेव्हिस यांच्या यंत्राला सूर्यात तयार होणारा एकच प्रकार दिसे; उरलेले वाटेत प्रकार बदलतात, हे कॅनडातील सडबरीच्या जड पाण्याच्या प्रयोगाने २००१-०२ मध्ये दाखवले. या बदलावर पदार्थातील इलेक्ट्रॉनांचाही परिणाम होतो. त्यामुळे पृथ्वीतून येताना बदललेल्यांपैकी काही पुन्हा मूळ प्रकारात परततात, आणि पाण्याच्या टाकीला तोच प्रकार अधिक सहज सापडतो. २०१४ मध्ये सुपर-कामिओकांडेच्या नोंदींत तसा संकेत मिळाला: दिवसापेक्षा रात्री सुमारे ३ टक्के जास्त.