नाथसागरावरचा विज्ञानवर्ग : होडीतून केलेल्या शालेय अभ्याससहलीचा वृत्तांत

मराठवाड्यातील शाळांच्या सहलींमध्ये पैठण असतेच. परंतु नाथमहाराजांची समाधी, पैठणीचे माग, ज्ञानेश्वर उद्यान आणि धरणाच्या भिंतीवरून दिसणारे पाणी एवढ्यावर ती बहुधा संपते. ज्या जलाशयातून छत्रपती संभाजीनगर आणि जालना या शहरांचे पाणी येते, त्या पाण्यावर प्रत्यक्ष जाऊन ते मोजण्याची संधी विद्यार्थ्यांना क्वचितच मिळते. या हिवाळ्यात आम्ही काही शिक्षकांनी नववीच्या विद्यार्थ्यांना मच्छिमारांच्या होड्यांतून नाथसागरावर, म्हणजे पैठणच्या जायकवाडी धरणाच्या जलाशयावर, नेले आणि गोड्या पाण्याच्या जलाशयाचे विज्ञान तेथेच शिकवण्याचा प्रयत्न केला. ज्यांना असा उपक्रम करावयाचा आहे, त्यांच्यासाठी तेथील अनुभव आणि व्यवस्थेचे तपशील येथे लिहीत आहे.

कल्पनेचे मूळ दूरचे आहे. अमेरिकेत मिशिगन सरोवराच्या काठी सटन्स बे नावाचे गाव आहे. तेथील इनलँड सीज एज्युकेशन असोसिएशन ही संस्था १९८९ पासून शाळकरी मुलांना शिडाच्या जहाजावर नेऊन सरोवराचे विज्ञान शिकवते. १९९४ मध्ये तिने याच कामासाठी स्वतःचे जहाजही बांधून घेतले. मुले शीड उभारण्यास हातभार लावतात आणि मग गटागटाने एकेका कामाकडे जातात: कोणी मासे पाहतो, कोणी प्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव), कोणी तळाचा गाळ, तर कोणी पाण्याची गुणवत्ता. नाथसागरावर शिडाची जहाजे नाहीत आणि त्यांची नक्कल करण्याचा आमचा विचारही नव्हता. त्या पद्धतीतील दोनच गोष्टी आम्ही उचलल्या. विद्यार्थी प्रवासी म्हणून न बसता होडीवरील कामकरी म्हणून जावा, ही पहिली. आणि मोजमापाच्या वेळी इंजिन बंद असावे, ही दुसरी. दुसऱ्या गोष्टीला मी अधिक महत्त्व देतो. इंजिनाचा पंखा वरचे आणि खालचे पाणी ढवळून टाकतो, तेलाचा तवंग नमुन्यात येतो आणि प्लवकाची जाळी वेगाने ओढल्यास पाणी तिच्यातून गाळले न जाता तोंडावरूनच परतते. वल्ह्याची संथ चाल या कामाला नेमकी हवी तशी असते.

पाण्यावर जाण्यापूर्वी वर्गात एक गणित अवश्य करून घ्यावे. मूळ आराखड्याप्रमाणे जायकवाडीचा एकूण साठा २९०९ दशलक्ष घनमीटर आणि पूर्ण भरल्यावर पाण्याचा पसारा सुमारे ३५० चौरस किलोमीटर आहे. पहिल्या संख्येला दुसरीने भागले की सरासरी खोली जेमतेम सव्वाआठ मीटर निघते. भिंतीवर उभे राहून ज्यांनी त्या पाण्याला समुद्र म्हटले होते, त्या मुलांना हा आकडा पटतच नाही, आणि प्रत्यक्ष दोर सोडून खोली मोजण्याची उत्सुकता तेथूनच निर्माण होते. याच ओघात वर्तमानपत्रातील टक्केवारीचाही उलगडा करता येतो. एकूण साठ्यापैकी ७३८ दशलक्ष घनमीटर, म्हणजे सुमारे २६ टीएमसी (अब्ज घनफूट), हा मृतसाठा, म्हणजे नेहमीच्या दारांतून बाहेर काढता न येणारे पाणी, आहे. उरलेल्या २१७१ दशलक्ष घनमीटर उपयुक्त साठ्यावरच टक्केवारी काढली जाते. त्यामुळे ‘जायकवाडी शून्य टक्क्यांवर’ अशी बातमी आली तरी धरणात एक चतुर्थांश पाणी असते, आणि उन्हाळ्यात शहरांची तहान भागवण्यासाठी त्यातूनच उपसा करावा लागतो. ही गोष्ट अनेक पालकांनाही नवी होती.

आता परवानगीविषयी. १९६५ मध्ये पायाभरणी आणि १९७६ मध्ये उद्घाटन झालेल्या या धरणाचा जलाशय १९८६ पासून पक्षी अभयारण्यही आहे. म्हणजे धरण व पाणी यांचा संबंध जलसंपदा विभागाशी, तर अभयारण्याचा संबंध वन विभागाच्या वन्यजीव शाखेशी येतो. दोन्हीकडे स्वतंत्र लेखी अर्ज करावा आणि त्यात होड्या कोठून निघणार, कोणत्या वेळी परतणार, कोणते नमुने घेणार आणि काय परत सोडणार हे स्पष्ट लिहावे. एका कार्यालयाची परवानगी दुसऱ्याला चालेल असे गृहीत धरून कोणी निघू नये. धरणाच्या भिंतीजवळ, दरवाजांसमोर आणि उपशाच्या ठिकाणी होडी नेण्याचा विषयच काढू नये.

कालावधी नोव्हेंबर ते जानेवारी हाच योग्य. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पुराचे गढूळ पाणी येत असते आणि विसर्गाची शक्यताही असते. मार्चनंतर पाणी मागे सरकू लागते, उघड्या पडलेल्या जमिनीवर गाळपेर सुरू होते आणि ज्या काठावरून हिवाळ्यात सहज होडीत पाय ठेवता येतो, तेथे गुडघाभर चिखल तुडवावा लागतो. म्हणून निघण्याच्या आठवड्यात कोणीतरी शिक्षकाने जाऊन काठ पाहून यावा. गेल्या वर्षीच्या माहितीवर विसंबणे येथे उपयोगाचे नाही.

वाऱ्याचे महत्त्व आम्हाला होडीवाल्या काकांनी सांगितले. “सर, अकराच्या आत माघारी फिरू, मग वारं सुटतं,” एवढेच त्यांचे म्हणणे होते. पण त्यामागे भौतिकशास्त्र आहे. जलाशयाची लांबी पन्नास किलोमीटरांहून अधिक आहे आणि एवढ्या मोकळ्या पृष्ठावरून वाहणारा वारा लाटांना वाढायला भरपूर अंतर देतो. त्यात खोली कमी असल्यामुळे लाटा आखूड व उभ्या उठतात आणि लहान होडीला त्याच सर्वांत त्रासदायक ठरतात. आम्ही संपूर्ण वेळापत्रक या एका वाक्याभोवती बांधले: पहिली फेरी सूर्योदयाच्या सुमारास, दुसरी नऊनंतर, आणि अकराच्या आत सर्वजण काठावर. पाण्यावर असताना जीवरक्षक जॅकेटचे पट्टे कोणीही सैल करू नयेत. होडीत किती जण बसवायचे याचा शब्द होडीवाल्यांचा अंतिम मानावा, मुख्याध्यापकांचाही नव्हे.

दोन्ही फेऱ्यांत एकाच जागी मोजमाप करावे, हा माझा आग्रह आहे. दहा ठिकाणी एकेकदा मोजल्याने आकड्यांची रांग मिळते. एकाच ठिकाणी दोनदा मोजल्याने प्रश्न मिळतो. रात्रभर शैवालासह पाण्यातील सर्व सजीव प्राणवायू वापरत असतात, म्हणून पहाटे तो सर्वांत कमी असतो. ऊन चढले की प्रकाशसंश्लेषणामुळे तो वाढतो, कार्बन डायऑक्साइड वापरला जातो आणि पाण्याचा सामू (pH) देखील वर सरकतो. हे फळ्यावर सांगितलेले वाक्य आणि स्वतःच्या वहीतील दोन आकडे यांत फार अंतर आहे.

प्राणवायू मोजण्यासाठी महागडे मीटर नसले तरी अडत नाही. लायोश विंक्लर या हंगेरियन रसायनशास्त्रज्ञाने १८८८ मध्ये दिलेली पद्धत आजही शाळेच्या प्रयोगशाळेत करता येते. काचेची बाटली एकही बुडबुडा न राहू देता भरायची, तीत मँगनस सल्फेट आणि अल्कलीयुक्त आयोडाइड घालायचे आणि हलवायचे. साका (द्रावणातून खाली बसणारा पदार्थ) तपकिरी आला तर पाण्यात प्राणवायू आहे, पांढरा राहिला तर जवळजवळ नाही. एवढे होडीतच दिसते आणि अनुमापनाच्या (थेंब-थेंब द्रावण घालून नेमके प्रमाण काढण्याच्या) आधीच मुलांना निष्कर्षाचा अंदाज येतो. ही दोन द्रावणे हातमोजे घालून शिक्षकांनीच हाताळावीत. सल्फ्युरिक आम्ल मात्र होडीत मुळीच नेऊ नये, ते घालण्याचे व अनुमापनाचे काम काठावर करावे.

पाण्याची पारदर्शकता मोजण्याची तबकडी शाळेतच तयार होते. रोमचे खगोलशास्त्रज्ञ आणि धर्मगुरू अँजेलो सेक्की यांनी १८६५ मध्ये पोपच्या जहाजावरून भूमध्य समुद्रात पांढऱ्या तबकड्या सोडून हे मापन केले. सरोवरांसाठी आज वीस सेंटिमीटर व्यासाची, काळ्या-पांढऱ्या चार भागांची तबकडी वापरतात. पत्रा, ऑइलपेंट, खाली वजनासाठी दोन-चार नट आणि दर दहा सेंटिमीटरला खूण केलेली नायलॉनची दोरी पुरते. ती होडीच्या सावलीच्या बाजूने सोडावी, दिसेनाशी झाली ती खोली आणि वर घेताना पुन्हा दिसली ती खोली यांची सरासरी घ्यावी, आणि हे काम दुसऱ्या फेरीत, ऊन वर आल्यावरच करावे. पहाटेच्या तिरप्या उजेडातील आकडा तुलनेला चालत नाही.

येथे एक वैचारिक सापळा आहे आणि शिक्षकांनी तो आधीच ओळखावा. तबकडी लवकर दिसेनाशी झाली की मुले ‘पाणी घाण आहे’ असे लिहून मोकळी होतात. आपल्याकडे गढूळपणाचे मोठे कारण काळ्या मातीतील चिकणमाती हे असते. तिचे कण इतके सूक्ष्म असतात की ते दिवसेंदिवस तरंगत राहतात. शैवालाचा हिरवेपणा आणि मातीचा तांबूस-करडेपणा वेगळा ओळखण्यासाठी तेच पाणी गाळणकागदातून गाळून कागदाचा रंग पाहावा. उलट, नितळ पाणी म्हणजे निरोगी पाणी असेही नाही. उत्तर अमेरिकेच्या महासरोवरांत जहाजांच्या तोलासाठी भरलेल्या पाण्यातून झेब्रा शिंपले आले. १९८८ मध्ये ते सेंट क्लेअर सरोवरात प्रथम सापडले. त्यांनी आणि त्यांच्या क्वागा या भाऊबंदांनी प्लवक गाळून खाल्ल्यामुळे पाणी नितळ झाले, परंतु त्याच प्लवकावर जगणाऱ्या माशांचे अन्न घटले.

तापमानाच्या बाबतीत तर पाठ्यपुस्तकातील सरोवर बाजूलाच ठेवावे लागते. चार अंश सेल्सिअसला पाणी सर्वांत जड असते आणि त्यामुळे वसंतात व शरदात सरोवराचे पाणी वरखाली होते, हे वर्णन मिशिगनसारख्या, २८१ मीटरपर्यंत खोल आणि थंड प्रदेशातील सरोवराचे आहे. नाथसागराचे पाणी चार अंशांच्या जवळही जात नाही. येथे वेगळा नियम कामाला येतो: २९ वरून ३० अंशांवर जाताना पाण्याची घनता जितकी घटते, ती ४ वरून ५ अंशांवर जाताना होणाऱ्या घटीच्या तीस पटींहून अधिक असते. म्हणून उष्ण पाण्यात एक-दोन अंशांच्या फरकानेही वरचा थर खालच्यापासून अलग होऊ शकतो आणि उथळपणामुळे दुपारचा वारा किंवा रात्रीचा गारवा तो पुन्हा मोडूही शकतो. लांब वायरचा डिजिटल तापमापक दर मीटरला थांबवून वाचावा, प्रत्येक खोलीवर आकडा स्थिर होईपर्यंत धीर धरावा. फरक दिसला नाही तरी तो निष्कर्षच आहे. वाऱ्याने पाणी मिसळले आहे, एवढाच त्याचा अर्थ.

प्लवकाचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली काठावरच पाहावा. हलत्या होडीत डोळा लावला की मुलांना मळमळते. फोल्डस्कोप, म्हणजे घडीचा कागदी सूक्ष्मदर्शक, असल्यास प्रत्येक गटाला एक देता येतो. आमच्या नमुन्यात सायक्लॉप्स दिसले आणि तो तास तिथेच थांबला. याच सूक्ष्म प्राण्याच्या पोटातून नारूची अळी माणसात जात असे. मराठवाड्यातील बारवांच्या पायऱ्या उतरून पाणी भरणाऱ्या पिढीने हा रोग पाहिला आहे, आणि पाणी कापडाने गाळून पिण्याचा आग्रह त्यासाठीच होता. भारत नारूमुक्त असल्याचे २००० मध्ये प्रमाणित झाले. नाथसागराच्या पाण्यात सायक्लॉप्स असणे हे धोक्याचे लक्षण नसून जिवंत जलाशयाचे लक्षण आहे, हेही तेव्हाच सांगावे, नाहीतर घरी जाऊन भलतीच बातमी पसरते.

तळाच्या गाळात तांबड्या कायरोनोमिड (डासासारख्या दिसणाऱ्या, न चावणाऱ्या कीटकाच्या) अळ्या मिळाल्या तर त्यांच्या रंगाचे कारण विचारावे. तो रंग हिमोग्लोबिनचा असतो आणि प्राणवायू कमी असलेल्या गाळात राहण्यास त्याचा उपयोग होतो. माशांसाठी स्वतंत्र जाळे टाकण्याची गरज नाही. सकाळी परतलेल्या मच्छिमारांच्या टोपलीत रोहू, कटला, मरळ, चिलापी असे बरेच काही असते आणि कोणता मासा कोठे चरतो याचे त्यांच्याइतके ज्ञान आमच्यापैकी कोणालाच नव्हते. मच्छिमारांना या वेळेचा मोबदला द्यावा आणि तो सहलीच्या खर्चात आधीच धरावा. पक्ष्यांच्या थव्यांपासून दूर राहण्याचा मार्गही तेच दाखवतात. फोटोसाठी होडी जवळ नेण्याची गळ त्यांना घालू नये.

किरकोळ वाटणाऱ्या काही सूचना. नोंदी पेन्सिलीने कराव्यात, शाई पाण्याने पसरते. होडीत एकाने दोर सोडावा, दुसऱ्याने आकडा मोठ्याने वाचावा, तिसऱ्याने तो उच्चारून लिहावा. पुढच्या मोजमापाला कामे बदलावीत. प्रत्येक आकडा तीनदा घ्यावा. पहाटे पाण्यावर थंडी बोचते, तेव्हा स्वेटर हवाच, नऊनंतर टोपी. न्याहारी पहिल्या फेरीनंतर द्यावी. स्वच्छतागृहाची सोय काठावर नसते, ती पैठणमध्येच उरकून निघावे, आणि मुलींच्या दृष्टीने ही बाब कार्यक्रमपत्रिकेत लेखी असावी. जलाशयातून बाहेर काढलेली जाळी, दोर व बाटल्या धुऊन पूर्ण वाळवल्याशिवाय दुसऱ्या तळ्यावर वापरू नयेत, कारण शिंपले आणि जलपर्णी अशाच वाटेने प्रवास करतात.

नोंदवहीच्या पहिल्या पानावर तारीख, वेळ, वारा आणि त्या दिवशीची धरणाची पाणीपातळी लिहावी. पातळीविना खोलीचे आकडे पुढच्या वर्षी निरुपयोगी ठरतात. पुढील तुकडीला शक्य झाल्यास प्रवरासंगमाजवळ कायगाव टोक्याच्या बाजूचे पाणी घ्यावे असे मी सुचवेन, म्हणजे नदी जलाशयात शिरते तेथील पाणी आणि भिंतीकडील संथ पाणी यांची तुलना करता येईल. मात्र तेथेही होडीवाले स्थानिकच घ्यावेत, आणि परवानगीचा अर्ज दिवाळीच्या सुट्टीपूर्वी द्यावा.