एका खोलीतली बाळंतीण

घर लहान असेल तर मांजरीच्या बाळंतपणाची धास्ती जरा जास्तच वाटते, आणि पहिला विचार मनात येतो तो जागेचा. परंतु विण्याची वेळ जवळ आली की मांजरी स्वतः कोणती जागा शोधते ते पाहिले, तर ही धास्ती बरीच कमी होते. कपाटाचा तळचा कप्पा, पलंगाखालचा कोपरा, गाद्यांच्या चळतीमागची फट अशाच जागा तिला पसंत पडतात. तिला ऐसपैस खोली नको असते, आडोसा हवा असतो. त्यामुळे लहान घरातली खरी अडचण वर्दळीची आहे, असे माझे मत आहे, आणि ती सोडवायची तर मांजरीला हलवण्यापेक्षा आपल्या येण्याजाण्याच्या वाटा बदलणे अधिक उपयोगी पडते.

मांजरीचे गर्भारपण साधारणतः 63 ते 65 दिवसांचे असते. प्रसूतीच्या निदान दोन आठवडे आधी खोके तयार ठेवले, तर तिला त्याची सवय होते. आई पूर्ण आडवी होऊन पाय पसरू शकेल एवढे पुठ्ठ्याचे खोके पुरते. त्याचे झाकण काढू नये; एका बाजूने दार कापावे आणि खाली चार बोटे उंबरा ठेवावा, म्हणजे आई सहज ओलांडून जाते, पण सरपटणारे पिल्लू बाहेर पडत नाही. आत टर्किश टॉवेल घालण्याचा मोह टाळावा, कारण त्याच्या धाग्यांच्या फासांत पिल्लांची नखे अडकतात. जुनी सुती चादर चारपदरी घातलेली उत्तम. खोके पंख्याच्या थेट झोतात, दाराच्या वाटेवर किंवा कपडे धुण्याच्या यंत्राशेजारी नसावे. अन्नपाणी खोक्याजवळ आणि शी-शूसाठीचा माती भरलेला ट्रे त्यापासून शक्य तितका दूर ठेवावा. एकाच भिंतीलगत हे सारे मांडले, तर मांजरीला घरातल्या माणसांची वाट ओलांडावी लागत नाही.

पहिल्या आठवड्यात दुधाइतकेच महत्त्व उबेला आहे. नवजात पिल्लाला थंडीने कुडकुडताही येत नाही. शरीराचे तापमान स्वतः राखण्याची शक्ती त्याला तीन-चार आठवड्यांनी येते. सुरुवातीला त्याच्या आसपास 29 ते 32 अंश सेल्सिअस ऊब लागते, पुढे ती हळूहळू कमी केली तरी चालते. हे मोजायला तापमापक नसला तरी पिल्लांकडे पाहून अंदाज येतो. एकमेकांना बिलगून शांत झोपली असतील तर ठीक, दूर दूर पसरली असतील तर त्यांना उकडते आहे, आणि सतत रडत डोके हलवत फिरत असतील तर थंडी किंवा भूक आहे. गरम पाण्याची पिशवी कापडात गुंडाळून खोक्याच्या एकाच बाजूला ठेवावी, म्हणजे नको असेल तेव्हा पिल्लांना तिच्यापासून सरकता येते. गार पडलेल्या पिल्लाला मात्र आधी सावकाश ऊब द्यावी आणि मगच दूध पाजावे, कारण थंड शरीराला दूध पचत नाही.

माझ्या दृष्टीने या काळातले सर्वांत मोलाचे उपकरण म्हणजे स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा. वाटीत मऊ कापड अंथरून काटा शून्यावर आणायचा आणि पिल्लू अलगद आत ठेवायचे. डोळे मिटलेले, कान डोक्याला चिकटलेले ते गाठोडे मान डुलवत राहते, आकडे वरखाली होतात आणि ते क्षणभर स्थिरावले की वजन टिपून घ्यायचे. जन्मतः ते साधारण 100 ग्रॅम असते आणि रोज 10 ते 15 ग्रॅमने वाढायला हवे. वजन थांबले तर लक्ष ठेवावे, घटले तर त्याच दिवशी पशुवैद्याला गाठावे, कारण अशक्त पिल्लू बाहेरून बराच वेळ ठीकच दिसते.

आईच्या खाण्यात हात आखडता घेऊ नये. दूध भरात असताना तिला नेहमीच्या दुपटीहून अधिक अन्न लागते, म्हणून पिल्लांसाठीचे खाद्यच तिला द्यावे. गाईचे दूध तिला अनेकदा बाधते. स्तन गरम, कडक आणि दुखरा झाला, ती थरथरू लागली, चाल ताठरली किंवा अंगावरून दुर्गंधीयुक्त स्राव जाऊ लागला, तर वाट पाहू नये.

मांजर पिल्लांना सात घरे फिरवते असे आपल्याकडे म्हणतात. एका खोलीत सात घरे कुठून आणायची, हा तिचाही प्रश्न असतो! तिने पिल्ले हलवली तर परत आणून ठेवण्याआधी कारण शोधावे. पाहुण्यांचा गलका, दिव्याचा उजेड किंवा उग्र वास हे बहुधा त्यामागे असते. वासाच्या बाबतीत लहान जागा विशेष वाईट, कारण तो कोंडून राहतो. फिनाईल आणि डांबरगोळ्या तर मांजरांना विषारीच आहेत. फरशी साध्या साबणाच्या पाण्याने पुसावी.

तिसऱ्या आठवड्यानंतर घर खरोखरच लहान वाटू लागते. पिल्ले चालायला लागतात आणि फ्रिजच्या मागे, पलंगाच्या पेटीत, दाराच्या बिजागरीशी सापडतात. अशा फटी पुठ्ठ्याने बुजवाव्यात आणि यंत्र सुरू करण्यापूर्वी आत डोकावण्याची सवय लावावी. त्यांच्यासाठी उथळ ट्रे ठेवावा, पण ओलाव्याने गोळा होणारी माती टाळावी, कारण पिल्ले ती चाखून पाहतात. आईसाठी पिल्लांना चढता येणार नाही अशी एक उंच फळी मोकळी करून द्यावी. चोवीस तास लुचणाऱ्या पिल्लांपासून तिलाही सुटका हवी असते.

दूध पाजत असतानाही मांजरी पुन्हा गाभण राहू शकते, हे अनेकांना ठाऊक नसते. म्हणून दारेखिडक्या बंद ठेवाव्यात आणि पिल्ले दुधावरून सुटली की नसबंदीबद्दल पशुवैद्याशी बोलावे. पाचव्या आठवड्यात घरभर धुडगूस सुरू झाला की पिल्ले देऊन टाकण्याची घाई होते, परंतु किमान आठ आणि जमल्यास बारा आठवडे ती आईजवळ असावीत. खेळताना चावा कितपत जोरात घ्यायचा, हे ती याच काळात आईच्या फटक्यातून आणि भावंडांच्या ओरडण्यातून शिकतात.