गौरीचे पाय

पाटणच्या पावसात पायावर पिसं असलेली कोंबडी सांभाळायची म्हणजे रोज संध्याकाळी तिचे पाय हातात घ्यायचे. माझ्याकडे ब्रह्मा जातीच्या ३ कोंबड्या आहेत. परवा त्यातल्या गौरीच्या मधल्या बोटाला चिखलाचा सुपारीएवढा गोळा वाळून बसला होता. असा गोळा ओढायचा नाही, कोमट पाण्यात भिजू द्यायचा. नव्या पिसाच्या नळीत रक्त असतं, तुटलं की वाहतं.

गोळा सुटला तेव्हा खरं दुखणं दिसलं. पिसांखाली खवले उचकटलेले, मधे पांढरट, भुसभुशीत खपली. ही पायाची खरूज. तिचा किडा डोळ्यांना दिसत नाही, खवल्यांखाली घर करतो. गावठी कोंबडीचा पाय उघडा, लगेच कळतं. हिच्या पिसांनी सगळं झाकून ठेवलं. फार वाईट वाटलं मला.

शेजारच्या काकू म्हणाल्या, "रॉकेल लाव गं." नाही लावलं, कातडी भाजते. साबणाच्या कोमट पाण्यात पाय, मऊ ब्रश हलकेच, मग कोरडं करून व्हॅसलीनचा जाड थर. किडा गुदमरतो. खपली नखाने काढायची नाही, खालून रक्त येतं. दोन-तीन दिवसांनी पुन्हा, असं कितीतरी आठवडे. बाकी दोघींनाही लावतेय, बसायच्या दांड्याही घासल्या.

आज डाव्या पायाची एक खपली आपोआप गळाली. खालचा खवला पिवळाधमक, गुळगुळीत.