ओटी आत की बाहेर?

पटकथेत सीनच्या डोक्यावर इंट. (इंटिरियर, म्हणजे आत) लिहायचं की एक्स्ट. (एक्स्टिरियर, म्हणजे बाहेर), याचा विचार करायला बहुतेक लेखक थांबतच नाहीत. भिंती दिसल्या की इंट., आभाळ दिसलं की एक्स्ट. बंद दाराच्या फ्लॅटमधली आणि काचा वर केलेल्या गाडीतली गोष्ट असेल तर तेवढ्यावर भागतंही. पण आपली माणसं भांडतात ओटीवर, रडतात चाळीच्या गॅलरीत, लग्नं ठरवतात वाड्याच्या चौकात आणि खरं काय ते सांगून टाकतात रिक्षात. तिथे पहिला शब्द डोकं लावून लिहावा लागतो, आणि ते काम लेखकाचंच आहे, असं माझं ठाम मत आहे.

लिहायला लागण्याआधी मी सहायक दिग्दर्शक म्हणून काम करायचे. पटकथा हातात आली की ब्रेकडाउन, म्हणजे कुठल्या सीनला काय लागेल त्याची यादी, माझ्याकडे यायचं. शेड्यूलमध्ये प्रत्येक सीनची एक पट्टी असते, आणि आमच्या धंद्यात त्या पट्ट्यांना ठरलेले रंग आहेत: दिवसाचा इंट. पांढरा, दिवसाचा एक्स्ट. पिवळा, रात्रीचा इंट. निळा आणि रात्रीचा एक्स्ट. हिरवा. आता हे सगळं कॉम्प्युटरवर होतं, पण रंग तेच राहिले. कोकणात जुलैचं शेड्यूल लावताना पिवळ्या आणि हिरव्या पट्ट्या बघूनच पोटात गोळा येतो. म्हणून एखादा इंट. सीन राखून ठेवायचा. पाऊस आला की युनिट आत न्यायचं आणि तो सीन उरकायचा. त्याला कव्हर सेट म्हणतात. आता समजा, लेखकाने ओटीवरच्या सीनला इंट. लिहिलं. छप्पर आहे, म्हणजे आतच, असं त्याला वाटलं. सहायकाने तो विश्वासाने कव्हर म्हणून धरला. पाऊस आला, सगळे ओटीवर गेले, आणि तिथे झड थेट कलाकारांच्या अंगावर. वर पत्रा असेल तर साउंडवाला हेडफोन काढून नुसता मान हलवत बसणार. छप्पर आहे एवढ्यावरून जागा आत धरता येत नाही.

कॅमेरामनचा प्रश्न वेगळा असतो. "ताई, ओटी आत धरू का बाहेर?" असं तो विचारतो तेव्हा त्याला उजेडाबद्दल बोलायचं असतं. साध्या पिवळ्या बल्बचा उजेड साधारण २७०० ते २८०० केल्विन (उजेडाचा रंग मोजायचं माप), दुपारच्या उन्हाचा ५६००च्या आसपास. दोन्ही एकाच फ्रेममध्ये आले तर एकाला पांढरं धरलं की दुसरा निळा किंवा नारिंगी दिसणार. ओटीवर दिवसा सगळा उजेड अंगणातून येतो आणि तासातासाला सरकतो. म्हणजे कंटिन्युइटीसाठी, शॉटला शॉट जुळावा म्हणून, ती जागा बाहेरचीच. दादासाहेब फाळके १९१३च्या आसपास दादरला राजवाड्याचे सेट लावून उन्हात शूटिंग करत, तेव्हा पडद्यावरचं आत आणि बाहेर एकाच सूर्यावर चालायचं. दिव्यांची सोय झाल्यावर या दोन शब्दांना खरं वजन आलं.

पण माझ्यासाठी याहून मोठं कारण गोष्टीचं आहे. कोकणातल्या जुन्या घराची रचनाच माणसांची उतरंड सांगते. कोणी खळ्यात उभं राहायचं, कोणी पडवीत टेकायचं, कोणाला ओटीवरच्या झोपाळ्यावर बसवायचं, माजघरात कोणाला पाऊल टाकू द्यायचं. जात, नातं, पैसा, बाई की पुरुष, सगळं त्या चार पायऱ्यांत आहे. त्यामुळे कॅमेरा यातल्या कुठल्या पायरीवर उभा आहे, हे लिहिलं की सीन कोणाचा तेही लिहिलं जातं.

सध्या लिहीत असलेल्या पटकथेतला एक प्रसंग सांगते. मुंबईहून जमीन घ्यायला माणूस आला आहे. ओटीवर सासरे त्याच्याशी बोलत आहेत आणि सून माजघराच्या दाराआड उभी आहे. पहिल्या खर्ड्यात मी लिहिलं होतं: एक्स्ट. खोतांचं घर, ओटी, दुपार. त्यात दोन पुरुष समोरासमोर, मागे अंगण, त्यापलीकडे आंब्याची कलमं. विकली जाणारी जमीन फ्रेममध्येच दिसते आणि पाहुण्याची नजर बोलता बोलता तिच्यावर जाते. चांगला सीन होता. मग मी तेच संवाद ठेवून फक्त हेडिंग बदललं: इंट. खोतांचं घर, माजघर, दुपार. आता आत काळोख. दाराच्या फटीतून आलेली उन्हाची एक तिरीप तिच्या हातावर. पाहुण्याचा चेहरा नाहीच, जमिनीला घासून मागेपुढे होणारे त्याचे पाय तेवढे दिसतात. आकडा सांगताना सासऱ्यांचा आवाज खाली जातो आणि तिला तो ऐकू येत नाही. आपल्यालाही नाही. निम्मे संवाद आपोआप गळून पडले आणि गेल्याचं काही वाटलं नाही. जमिनीत हिस्सा असूनही जिला कोणी विचारलेलं नाही, तिच्या जागी प्रेक्षक येऊन उभा राहिला. कॅमेरामनलाही कळलं की उजेड माजघराच्या काळोखाला धरून मोजायचा, बाहेरची ओटी पांढरी फटक झाली तरी चालेल.

पुढे ती उंबरा ओलांडून बाहेर येते आणि कॅमेरा तिच्यामागून न तुटता येतो. या प्रसंगात तिथे, आणि फक्त तिथे, मी इंट./एक्स्ट. असं जोडहेडिंग लिहिलं आहे. हे जोडहेडिंग हल्ली फार सैल वापरलं जातं. संशय आला की दोन्ही लिहून मोकळं व्हायचं. त्याने निर्णय टळत नाही, तो सेटवर सकाळी सातला दुसऱ्या कोणाच्या तरी गळ्यात पडतो.

चाळीची गॅलरी मी एक्स्ट. लिहिते. डोक्यावर वरचा मजला असतो, पण एक बाजू उघडी, समोरच्या चाळीतले लोक फ्रेममध्ये येणार, खालच्या रस्त्याचा आवाज येणार. गॅलरीत चाललेलं बोलणं खोलीतल्या आजी उघड्या दारातून बघत असतील आणि कॅमेरा आजींबरोबर असेल, तर मात्र इंट. खोली. खिडकीलाही हाच नियम: खिडकीपलीकडे काय दिसतं ते सोडा, कॅमेरा कुठल्या बाजूला आहे ते लिहा.

वाड्याचा चौक चारी बाजूंनी घराने वेढलेला, तरी एक्स्ट. वाईजवळच्या मेणवलीचा नाना फडणवीसांचा वाडा बघा. अशा चौकात ऊन खालपर्यंत उतरतं ते थोडाच वेळ, बाकी दिवसभर भिंतींवरून परतलेला मऊ उजेड. म्हणून चौकाच्या सीनला नुसतं 'दिवस' न लिहिता सकाळ, भर दुपार की संध्याकाळ ते लिहावं. लग्नाचा मांडव एक्स्ट., कापड कितीही जाड असो.

धावती रिक्षा मी न चुकता इंट./एक्स्ट. लिहिते. आतलं बोलणं महत्त्वाचं असलं तरी मागे रस्ता धावतो, आणि रस्ता म्हणजे पोलिसांची परवानगी, महापालिकेची परवानगी, गर्दी सांभाळायला माणसं. हेडिंगमध्ये एक्स्ट. दिसलं नाही तर यादी करताना हे निसटू शकतं. उभ्या रिक्षातला, रात्रीचा, पडदे पाडलेला सीन असेल तर इंट. पुरतं.

दोन कामाच्या गोष्टी राहिल्या. घराचं नाव आधी आणि भाग नंतर लिहा, आणि एकदा 'ओटी' म्हटलं की शेवटपर्यंत ओटीच म्हणा. मधेच 'व्हरांडा' आला तर ब्रेकडाउनमध्ये ती वेगळी जागा म्हणून नोंदली जाईल. आणि फाउंटनमध्ये (पटकथा साध्या मजकुरात लिहायची एक पद्धत) देवनागरीत लिहिणाऱ्यांसाठी: ते रोमन अक्षरांतलंच इंट. आणि एक्स्ट. ओळखतं. आपल्या ओळीच्या आधी एक टिंब द्या, म्हणजे ती हेडिंग म्हणून धरली जाते. मी सगळी पटकथा अशीच लिहिते.